झुंबरने जपलेला बिघाड

माझी भावजय झुंबरबाई कुणाचं काही विसरत नाही. लोक अशा बाईला खुनशी म्हणतात. म्हणोत. ज्यांच्या अंगावर कधी काही आलं नाही त्यांना विसरणं सोपं जातं. मी धुळ्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि नोकरीभर क्षमेवरची भाषणं ऐकली. ती करणाऱ्या पाहुण्यांपैकी एकाचाही पाय गुडघ्याखाली कापलेला नव्हता.

झुंबर कशी आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल.

ती शिंदखेड्याकडच्या एका कोरड्या गावातून लग्न होऊन धरणगाव तालुक्यात, आमच्या गावी आली. लोटन माझा धाकटा भाऊ. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत आमच्या थोरल्या काकूने तिच्या हातची भाकरी उचलली, उलटी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शिंदखेड्याकडे लाकडं मिळत नहीत वाटतं. एकच बाजू शेकेल शे." बायका हसल्या. झुंबर मान खाली घालून वाढत राहिली. त्या दिवसानंतर काकूच्या घरी तिने पाण्याचा घोटही घेतला नाही.

वर्षं गेली, काकू अंथरुणाला खिळली, सुना कंटाळल्या. तेव्हा झुंबर रोज दुपारी ताटलीत गरम भाकरी घेऊन तिच्याकडे जायला लागली. गल्लीत कौतुक झालं. काय मन आहे, म्हणे. मी सुट्टीत गावी आले होते तेव्हा एकदा तिच्यासोबत गेले. काकूला ती आत्याबाई म्हणायची. झुंबरने भाकरी काकूच्या डोळ्यांसमोर धरली. एक बाजू दाखवली. उलटी केली, दुसरी दाखवली. "दोन्ही बाजू शेकेल शे, आत्याबाई. पाही ल्या." मग बारीक तुकडे करून, दुधात भिजवून, प्रेमाने भरवली. हे रोज चाललं, काकू जाईपर्यंत.

या काकूचा मुलगा प्रेमराज.

प्रेमराज कापसाचा व्यापारी. खेड्यापाड्यांतून कापूस उचलायचा आणि जिनिंगला पोचवायचा. त्याच्या जुन्या पिकअपवर लोटन ड्रायव्हर होता. चुलत का होईना, प्रेमराज लोटनपेक्षा मोठा, म्हणजे झुंबरचा जेठ. आमच्याकडे जेठासमोर बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याला म्हणते, "भाऊंना सांगा", आणि भाऊ समोरच बसून सगळं ऐकत असतात. मला हा प्रकार कधी पटला नाही. पण मी पडले नणंद. मला तोंड उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे माझ्या पटण्याला कुणी विचारत नाही.

कापसाची गाडी चालवणं वेगळं असतं. वजन कमी आणि उंची फार. जाळी बांधून केबिनच्याही वर ढीग गेलेला असतो, झटका बसला की गाडी कलते. म्हणून कापसाचा ड्रायव्हर ब्रेक हाणत नाही. उतार दिसला की लांबूनच पाय ठेवतो आणि झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवावा तसा हळूहळू दाबत नेतो. लोटनचा पाय असा होता. त्या पायालाच पहिल्यांदा कळलं की ब्रेकचा पेडल मऊ पडलाय. दाबून धरला की थोडा वेळ टिकतो आणि मग खाली खाली जात फळीला टेकतो.

त्याने प्रेमराजला सांगितलं. एकदा नाही, बरेचदा. त्यातलं एक बोलणं झुंबरने स्वतःच्या कानांनी ऐकलं. सकाळी प्रेमराज त्याला बोलवायला आला होता. प्रेमराज ओट्यावर, झुंबर दाराआड.

"भाऊ, ब्रेक खाली जास. हँडब्रेकनी केबल बी तुटेल शे. एक दिवस गाडी मिस्तरीकडे लावू," लोटन म्हणाला.

"खाली जास ते पाय उचल आन दोनदा मार. लागस ना?"

"लागस. पण..."

"मंग चालव. सीझन जाऊ दे."

सीझन गेला नाही. लोटनचा पाय आधी गेला. मारुतीच्या देवळापासून गावात उतार आहे आणि उताराच्या तळाला गुरांना पाणी पाजायचा हाळ. कापूस भरून लोटन खाली येत होता, हाळावर बायका आणि शेळ्या होत्या. त्याने लांबूनच पाय ठेवला. पेडल खाली गेला. त्याने पाय उचलून दोनदा मारला, थोडा लागला, पुरेसा नाही. बायकांच्या अंगावर जाण्याऐवजी त्याने गाडी हाळाच्या भिंतीवर घातली. गाडी कलली, दार उघडलं, लोटन बाहेर पडला आणि मागचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. बायका वाचल्या. शेळ्यासुद्धा वाचल्या.

लोटन जळगावच्या दवाखान्यात बेशुद्ध होता तेव्हा प्रेमराजने पोलिसांना सांगून टाकलं की ड्रायव्हर प्यालेला होता. त्याचा पंडित मिस्तरी केबिनमध्ये चढला आणि चौकशीला आलेल्या माणसासमोर ब्रेकवर धाडकन लाथ हाणली. "पाहा साहेब. दगड शे." पेडल खरंच दगडासारखा लागला. कागदावर आलं, ब्रेक सुस्थितीत. लोटन पोरवयात प्यायचा हे गावाला माहीत होतं, सोडून किती काळ झाला हे मोजायला कुणाला सवड नव्हती. सोडलेल्या माणसावर "पुन्हा धरली" हा आळ फार लवकर चिकटतो. त्याने ज्यांना वाचवलं त्याच बायका हाळावर बसून सांगायला लागल्या, माय, दारुड्या कसा आला अंगावर.

लोटन एक पाय गमावून घरी आला तो आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. ओट्यावर यायला तयार नाही. मी म्हटलं, "पाय बसवून मिळतो हल्ली, चल धुळ्याला." तो म्हणाला, "पाय लाईसन कोठे जाऊ, अक्का? हाळवर?"

झुंबरला तेव्हापासून एकच हवं होतं. प्रेमराजने चारचौघांत म्हणावं की लोटनने मला सांगितलं होतं. बस, एवढंच वाक्य. भरपाई नको. माफी तर नकोच नको. माफी मागितली की द्यायची पंचाईत. दाराआडून ऐकलेलं तिने पोलिसांना सांगितलं होतं. बायकोची साक्ष ती, नवऱ्याच्या बाजूनेच असणार, असं ऐकून परत आली.

प्रेमराजने ती अपशकुनी गाडी भुसावळच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली. झुंबरने म्हैस विकली, भुसावळ गाठलं आणि गाडी कापली जायच्या आधी विकत घेतली. ट्रॅक्टरला बांधून ओढत दारात आणली. गावात हसू की रडू झालं. नवऱ्याचा पाय खाणारी गाडी दारात बांधली, हिचं डोकं फिरलं. तिने गाडी धुतली, शेपटीसारखं लोंबणारं पुढचं बंपर काढून टाकलं आणि मला फोन केला. "अक्का, या. तुम्ही शाळामा शिकाडतस ना, दाबाचं. ते आठे कामले ई."

मी पहिल्याच एसटीने गेले. केबिनमध्ये चढले आणि माझ्या पद्धतीने धाडकन ब्रेक दाबला. दगड. पुन्हा दाबला. दगड.

"हा तर लागतो, झुंबर."

"अक्का, तुम्ही पोरेस्ले मारतस तसा दाबी राह्यनात." ती खिडकीत हसली. "मांगे कापूस भरेल शे असं समजीसन दाबा. आन पाय काढजात नको."

मला हळू काही करता येत नाही, तरी केलं. पाय टेकवला, दाबला, धरून ठेवला. आधी घट्ट लागला, आणि मग चिखलात रुतावा तसा खाली जायला लागला. थेट फळीपर्यंत. लोटन खरं बोलत होता. मी खाली उतरले आणि प्रेमराजला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. तेल जातं कुठे, हा प्रश्न. नळ्यांत हवा शिरली असती तर पेडल पहिल्यापासून स्पंजासारखा लागला असता, तसा तो नव्हता. कुठे गळत असेल तर दिसायला हवं. झुंबरने घरातला पांढरा कापूस आणला आणि चारी चाकांच्या आतल्या बाजूला, प्रत्येक नळीच्या जोडावर, पेडलच्या मागे, जिथे जिथे हात पोचला तिथे त्याचे बोळे बांधले. दिवसभर येता-जाता आम्ही ब्रेक दाबत होतो. दुसऱ्या दिवशी सगळे बोळे काढले. धूळ होती, तेलाचा डाग एकावरही नाही. ब्रेकतेलाच्या बाटलीतली पातळीही होती तिथेच.

"बाहेर पडत नाही, म्हणजे आतल्या आतच परत फिरतंय," मी म्हटलं.

धुळ्यात माझ्या शेजारी चिंधा म्हणून एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. स्वतःवर फार खूश माणूस. त्यांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या फडकं गुंडाळून एकेक करून शिकंज्याने आवळल्या. चाकांकडची वाट बंद. तरी पेडल खाली गेला.

"झालं तर," चिंधा म्हणाले. "चाकं निर्दोष. मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर झिजलंय. हळू दाबलं की तेल रबराच्या कडेने मागे पळतं. झटका दिला की रबर पसरतं आणि वाट बंद होते. म्हणून लाथ मारणाऱ्याला दगड लागतो. मॅडम, हा आजार मी इथे बसून बरा करतो. रबराचं किट घ्या आणि..."

झुंबरने माझ्या हातून फोन घेतला. "बरा नही करना, दादा. सांभाळना शे."

आणि तिने तो बिघाड सांभाळला. दुभत्या जनावराकडे पाहावं तसं त्या गाडीकडे पाहिलं. उन्हाने रबर आणखी बिघडू नये म्हणून वर ताडपत्री टाकली. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन अधूनमधून चालू करायची. कुणी म्हणालं, गाडी नीट करून भाड्याने लाव, तर ऐकूनच घ्यायची नाही. नवीन टाकली ती फक्त हँडब्रेकची केबल. ती का, ते तेव्हा मलाही सांगितलं नाही.

लवकरच कळलं. झुंबरचं अंगण उताराचं आहे. गाडी तिथे तोंड खाली करून उभी, चाकांपुढे दगड. ती शेजारच्या सीटवर बसायची, हँडब्रेकची दांडी हातात धरून, आणि जो येईल त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवायची. शेजारचा भटू, पोस्टमन, दूधवाला, हाळावरच्या त्या बायका, भाऊबंदकीतले सगळ्यांत वडील उखर्डू आबा, सगळे बसले. इंजिन चालू, दगड बाजूला, हँडब्रेक सैल. "हळू दाबा. मांगे कापूस शे." गाडी थांबलेली असायची ती केवळ त्यांच्या पायावर. मग पाय खाली जायचा, गाडी हलायची, आणि माणसाचा चेहरा बदलायचा. झुंबर हँडब्रेक ओढायची. "पाही लिधं? आते जा, चहा पी."

मी त्यात एक गोष्ट पाहिली. गाडी हलली की प्रत्येक जण काय करतो? आणखी जोरात दाबतो. दोन्ही पायांनी दाबतो, भटूने तर स्टिअरिंगला लोंबकळून दाबला. पाय उचलत कुणीच नाही. सुटलेल्या गाडीत ब्रेकवरून पाय उचलायचं धाडस सरळ डोक्याचा माणूस करत नाही. कुणी आधी सांगितलेलं असल्याखेरीज. मी हे झुंबरला म्हटलं. ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

गाव हळूहळू वळलं. हाळावरच्या बायकांचा सूर बदलला. पण प्रेमराजकडे उत्तर तयार होतं. चावडीवर बसून तो सगळ्यांना सांगायचा, "गाडी हाळवर आपटनी, तवय बिघडनी. आधी चांगली व्हती. माले काय माहीत?" हे कुलूप काही उघडेना. बिघाड होता हे दिसत होतं. याला माहीत होता, हे कुठे दिसत होतं? आणि प्रेमराज आमच्या गल्लीत फिरकत नव्हता. शेताकडे जायला लांबची वाट धरायचा.

दोन हंगाम असे गेले. मग झुंबरने कानबाई मागून घेतली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, सोमवारी सकाळी नदीवर तिचं विसर्जन. तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही. घराघरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून दळतात. ज्याच्या नावाचे गहू दळले त्याने येऊन रोट खायचाच; आला नाही तर त्याने भाऊबंदकी तोडली. आमच्यात कानबाई फिरती आहे. त्या वर्षी झुंबर म्हणाली, माझ्याकडे बसवा. आणि गहू मोजताना पहिलं माप तिने प्रेमराजच्या नावाचं घातलं.

सोमवारी विसर्जन करून मंडळी परतली. अंगणात पंगत मांडायची होती. प्रेमराज पांढऱ्या कपड्यांत, गंध लावून, सगळ्यांच्या मधोमध चालत आला. एकटा यायची छाती नव्हती. गाडीवरची ताडपत्री काढलेली होती. दाराच्या चौकटीशी, आत अंधारात, लोटन कुबडी घेऊन बसला होता. बाहेर नाही. आत.

झुंबरने पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "अक्का, भाऊस्ले म्हना, पंगत बसाना आधी एकदा गाडीवर बसा. बठ्ठा बसनात. ते एकलाच राहिनात."

"ऐकलंस ना? सगळे बसले, तू एकटाच राहिलास," मी म्हटलं.

"कानबाईना दिवस हाऊ काय खेळ?" प्रेमराज म्हणाला.

"का? गाडी चांगली होती म्हणतोस ना? मग बसायला काय जातं? की भीती वाटते?"

"कसानी भीती?"

"मला काय विचारतोस? म्हातारे आबा बसले. दूधवाला बसला. तुझ्यापेक्षा दूधवाला बरा म्हणायचा."

मागून कुणीतरी हसलं. विसर्जन बघायला आलेले जावई-पाहुणे होते, पोरीबाळी होत्या. प्रेमराज चढला. झुंबर दुसऱ्या बाजूने चढून बसली तेव्हा बायकांमध्ये कुजबुज झाली. जेठाच्या शेजारच्या सीटवर! पदर हनुवटीपर्यंत, हात हँडब्रेकवर. मी प्रेमराजच्या खिडकीशी उभी राहिले. भटूने खिडकीतून हात घालून इंजिन चालू करून दिलं आणि गाडीसमोरची माणसं दूर केली.

प्रेमराज हुशार. त्याने बसल्या बसल्या धाडकन लाथ हाणली. "पाहा. दगड. कोठे जास खाली?" आणि माझ्याकडे बघून हसला. पंडित मिस्तरीची लाथ त्याने तशीच उचलली होती.

"अक्का," पदराआडून आवाज आला, "भाऊस्ले म्हना, मांगे कापूस शे. हळू."

"हळू दाब," मी म्हटलं. "कापूस विकून मोठा झालास, एवढं तर येत असेल."

सगळे बघत होते. त्याने पाय टेकवून हळू दाबला. झुंबरने बोट हलवलं, भटूने चाकांपुढचे दगड ओढले. झुंबरने हँडब्रेक सोडला.

गाडी थांबून राहिली. प्रेमराजचं हसू चेहऱ्यावरच होतं. मग ते तिथेच राहिलं आणि डोळे बदलले. पाय खाली जात होता. गाडीने अंग सैल केलं, चाक फिरलं, मातीवर टायरचा चर्र आवाज झाला. समोर उतार, उताराखाली गल्ली, गल्लीच्या तोंडाशी तो हाळ.

प्रेमराजने पाय उचलला. दोनदा मारला.

गाडी जागेवर थांबली.

झुंबरने सावकाश हँडब्रेक ओढला. कर्र, कर्र, कर्र. इंजिन बंद केलं, किल्ली काढली. मग तिने डोक्यावरचा पदर मागे केला, आणि जेठाच्या तोंडाकडे सरळ बघून बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"पाय काब्र उचला, भाऊ?"

पाय का उचलला, एवढाच प्रश्न.

"आठे बठ्ठा बसनात. गाडी सुटनी की जो तो जोरमा दाबस. एकनी बी पाय उचला नही. तुम्हीच उचला. मोजीसन दोनदा मारा. तुमले कोन सांगं, दोनदा मारना पडस?"

अंगणात जमलेला जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस त्या सीटवर बसून गेलेला होता. प्रत्येकाला आपला पाय आठवत होता. समजावून सांगायची गरजच राहिली नव्हती.

"ते... गाडी माझीच होती, मला सवय..." प्रेमराज शुद्ध मराठीत शिरला. अडचणीत आला की तो शुद्ध बोलतो, लहानपणापासून.

"सवय?" मी म्हटलं. "चांगल्या ब्रेकला दोनदा मारायची सवय? कुठे लागली ही सवय तुला?"

तो उतरायला लागला. दार उघडेना. झुंबरने ते दार हाळावरच्या अपघातानंतर कधी दुरुस्त केलं नव्हतं. आतून अडकायचं, बाहेरून उघडावं लागायचं. बाहेर मी उभी होते. मी उघडलं नाही.

उखर्डू आबा पाटावरून उठले. नव्वदीचा माणूस, काठी टेकत गाडीपाशी आला. "प्रेमराज. कानबाईना रोट खोटा तोंडमा जास नही. तुना नावना गहू दळाई गयात. आते सांग, नही ते पंगत उठाडू."

पंगत उठवणं म्हणजे त्याच्या घराशी सोयरसुतक संपलं. मुलीची सोयरीक चालू होती त्याच्या. त्याने आबांकडे पाहिलं, झुंबरकडे पाहिलं. झुंबर किल्ली बोटात फिरवत बसली होती, बाजारात निवांत बसावं तशी.

"सांगेल व्हतं," तो म्हणाला.

"आईकू उनं नही," आबा म्हणाले. त्यांना खरंच कमी ऐकू येतं. पण त्या दिवशी मला शंका आहे.

"लोटननी सांगेल व्हतं. ब्रेक खाली जास म्हनीसन. मीच बोलनू, दोनदा मार आन चालव." आणि मग, न विचारता, "तो पेल नव्हता."

दाराच्या चौकटीत कुबडी वाजली. लोटन उठून ओट्यावर आला होता. उजेडाने डोळे मिचकावत खांबाला टेकून उभा राहिला, आणि हाळावरच्या त्या बायकांपैकी एकीने मान खाली घातली. मला बरं वाटलं. भरपूर बरं वाटलं. त्यात काही उदात्त नव्हतं आणि असावं अशी माझी इच्छाही नाही.

मी दार उघडलं. पंगत बसली. प्रेमराज बसला, न बसून सांगतो कुणाला? झुंबर रोट वाढत आली. बाकीच्यांच्या पानात तिने ठेवला आणि पुढे गेली. प्रेमराजसमोर थांबली. पदर पुन्हा डोक्यावर, हनुवटीपर्यंत, रीतीप्रमाणे. रोट हातात धरून तिने त्याला एक बाजू दाखवली. उलटा केला, दुसरी दाखवली.

"दोन्ही बाजू शेकेल शे, भाऊ. पाही ल्या."

आईच्या उशाशी बसून त्याने हे ऐकलेलं होतं. पण पानात टाकायची सोय नव्हती. कानबाईचा रोट संपवावा लागतो. त्याने संपवला. झुंबर तोपर्यंत समोर उभी होती.

हे मागच्या श्रावणातलं. लोटनने आता स्वतः तक्रार दिली आहे, कबुलीला आबांसकट सारी पंगत साक्षीला आहे. त्याचं काय होईल ते होईल, कोर्ट आमच्यापेक्षाही सावकाश दाबतं. पण कापसाच्या सीझनला एक गंमत सुरू झाली आहे. प्रेमराजच्या गाडीवर चढणारा प्रत्येक ड्रायव्हर किल्ली घेण्याआधी केबिनमध्ये बसतो, त्याच्या तोंडाकडे बघत पाय टेकवतो आणि हळूहळू, सगळा वेळ घेऊन, ब्रेक दाबून धरतो. प्रेमराजला अंगणात उभं राहून ते बघावं लागतं. रोज.

लोटन नवा पाय लावून हाळापर्यंत जाऊन येतो. दिवाळीत मी गेले तेव्हा आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो, आणि गाडी होती तिथेच होती, ताडपत्रीखाली.

"आते ते रबर बदली टाक, झुंबर," लोटन म्हणाला. "काम व्हई गयं. गाडी चालाडू."

झुंबर कापसातली सरकी काढत होती. तिने मान वर केली नाही.

"पंडित मिस्तरी आजून बसना नही," ती म्हणाली.